गेट कुणाचं?

साडेसहा. हा आकडा लक्षात ठेवा. दहापैकी ६.५, नाहीतर शंभरपैकी ६०. देशातल्या आयआयट्यांमध्ये बायोमेडिकल इंजिनीअरिंगचं एम.टेक. करायचं तर बी.ई.ला साधारण एवढं मागतात. तुम्ही शेड्यूल्ड कास्टचे किंवा ट्राइबचे असाल तर ६, म्हणजे शंभरात ५५. या दोन आकड्यांमध्ये जे पाच टक्के उरतात त्यांच्या नावानं सगळा पांढरपेशा समाज वर्षानुवर्षं छाती बडवत बसलाय. गुणवत्ता मेली म्हणतो. पाच टक्क्यांनी मेली! एवढी नाजूक असेल तर तिला दवाखान्यात ठेवा, आमच्या वाटेत आडवी कशाला घालता?

मी गोदीत कंत्राटावर आहे. स्टीलच्या कॉइली, पोती, बोटीतून उतरेल ते. शिक्षण दहावी, जुन्या भाषेत मॅट्रिक. रात्री अंगात जीव उरला तर कविता. तेव्हा हा कोण टिकोजी लागून गेला एम.टेक.वर बोलणारा, असं कुणाला वाटेल. वाटू दे. ज्याचं अंग रोजावर जातं त्यालाच अंगाच्या यंत्रांची चौकशी जास्त असते. आणि बायोमेडिकल म्हणजे तरी दुसरं काय? डॉक्टर आणि फिटर यांच्या मधला माणूस. ईसीजी, छातीत बसवायचा पेसमेकर, रक्त धुणारं डायलिसिसचं मशीन, तुटलेल्या पायाच्या जागी बसणारा पाय, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. हे जो आखतो, बनवतो, तपासतो तो. माझ्या टोळीतल्या एकाची तीन बोटं विंचच्या वायररोपात गेली. उरलेल्या दोन बोटांत काडी धरून तो विडी पेटवतो. त्याच्यासाठी बोटं कुणी बनवायची? ज्यानं जन्मात वायररोप हातात धरला नाही त्यानं?

हे सगळं मला कळलं माझ्या मावशीच्या मुलीमुळं. तिचा बाप, आमचे काका, डायलिसिसवर आहे. आठवड्याला तीन खेपा, दर खेपेला चार तास. एका सरकारी दवाखान्यातलं मशीन बंद पडलं आणि तीन आठवडे काकांना दोनच खेपा मिळाल्या. पाय सुजले, तोंड सुजलं, रात्री आडवं झोपता येईना, भिंतीला टेकून बसायचे. मग कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण उघडलं, एक पंप बदलला. अर्ध्या तासात मशीन चालू. पोरगी खाटेशी उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "दादा, हे काय एवढं अवघड नाय." पुढं तिनंच मला सांगितलं की डायलिसिसचं पहिलं चालणारं मशीन विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरनं १९४३ साली बनवलं. देशात जर्मन फौजा घुसलेल्या, सामान मिळेना, तेव्हा लाकडी पट्ट्यांचं पिंप आणि सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या घेऊन बनवलं. हातात येईल त्या सामानातून बनवलं. आमची सगळी वस्तीच हातात येईल त्या सामानाची आहे, दोस्तहो.

तर या पोरीचा बी.ई.चा सीजीपीए आहे ६.२८. दोन केट्या लागल्या, दोन्ही त्याच सेमिस्टरमध्ये ज्यात काका भिंतीला टेकून झोपायचे. ६.२८ म्हणजे साडेसहाच्या खाली आणि सहाच्या वर. नेमकी त्या पाच टक्क्यांच्या पट्टीत उभी. तिच्याबरोबरचा एक जण हसत म्हणाला, "तुमच्यासाठी खाली ठेवलंय ना." खाली ठेवलंय! मी त्या ०.२२ चा हिशेब मांडून बघितला. त्यात दवाखान्याच्या बाकावर बसून केलेला अभ्यास आहे. त्यात शिष्यवृत्तीचे पैसे वर्षभर आले नाहीत म्हणून कॉलेजच्या खिडकीवर ऐकलेले शब्द आहेत. त्यात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही आहे. हे सगळं वजा करून ६.२८. आता ज्याला स्वतंत्र खोली, खाजगी क्लास आणि इंजिनीअर बाप असूनही ६.६ पडतात, त्याच्या गुणवत्तेबद्दल बोलू या का? नको, त्याला वाईट वाटेल.

आता गेटबद्दल. गोदीलाही गेट आहे, पास दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. शिकलेल्यांच्या गेटचंही तसंच. ही परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण भाषा आणि तर्काचे, उरलेले विषयाचे. बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर २०२० पासून सुरू झाला. त्यात गणित, सर्किट, सिग्नल, सेन्सर, शरीररचना, हाडास्नायूंचं यंत्रशास्त्र, शरीरात बसवायचं साहित्य, प्रतिमा काढणारी यंत्रं असं सगळं. चार पर्यायांतला चुकीचा निवडला की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वर कापून घेतात. आकडा लिहायच्या प्रश्नात मात्र कापाकापी नाही. आमच्या पोरांना ही साधी गोष्टही कुणी सांगत नाही. क्लासवाले सांगतात, पण त्यांची फी ऐकून माणूस जिना उतरतो. आणि नुसत्या बायोमेडिकलवाल्यांनीच जायचं असंही नाही. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल, केमिकल झालेलेही या एम.टेक.ला जातात; कुठली संस्था कुठला पेपर धरते ते ज्याचं त्यानं माहितीपत्रकात बघायचं. एकदा मिळालेला स्कोअर तीन वर्षं चालतो. गेटवर एम.टेक.ला जागा मिळाली तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, बदल्यात संस्थेचं शिकवण्या-तपासण्याचं थोडं काम करायचं. आमच्या किती घरांत हे माहीत आहे? माझ्या घरात नव्हतं. मावशीला वाटत होतं पुढं शिकायचं म्हणजे कर्जच काढावं लागणार.

या परीक्षेत पास होण्याची जी रेघ आहे, ती आमच्यासाठी सर्वसाधारण रेघेच्या दोन तृतीयांशावर असते. हे ऐकलं की गुणवत्तावाल्यांचे डोळे पांढरे होतात. अरे पण पास होणं आणि जागा मिळणं वेगळं आहे. रेघ ओलांडली की नुसतं रांगेत उभं राहायला मिळतं. जागा मिळते ती यादीत वर असलेल्याला, आमच्या यादीतसुद्धा. आमच्यातच रांग लागते आणि आमचीच आमच्याशी मारामारी होते. तेव्हा दोन तृतीयांशावर डॉक्टरी मशिनं बनवणारे येणार आणि पेशंट मरणार, ही बोंब बंद करा. ज्या दिवशी मशीन बंद पडून काका सुजले त्या दिवशी कुणाची गुणवत्ता कामावर होती?

मला त्या कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचा राग नाही. आमच्यातले काही कवी मित्र म्हणतात परीक्षा म्हणजे ब्राह्मणी कारस्थान, डिग्री म्हणजे कागद, फाडा. फाडा म्हणणाऱ्यांच्या घरी तो कागद फ्रेम करून लावलेला असतो! मी ज्याच्याजवळ तो नाही त्याच्या बाजूनं बोलतोय. कॉम्प्युटर आडनाव विचारत नाही. विचारतात माणसं. खरी मारामारी पुढं आहे, पीएच.डी.च्या मुलाखतीच्या खोलीत. समोर पाच जण, हातात तुमचा फॉर्म, फॉर्मवर आडनाव आणि कॅटेगरी. तिथं पाच मिनिटांत ठरतं की हा मुलगा 'संशोधनाच्या वृत्तीचा' आहे की नाही. ही वृत्ती कशात मोजतात, लिटरात की किलोत? आकडे बघा. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत आयआयट्यांनी पीएच.डी.ला जे विद्यार्थी घेतले त्यांत शेड्यूल्ड कास्टचे ९.१ टक्के आणि ट्राइबचे २.१ टक्के होते. कायद्यानं पाहिजेत १५ आणि साडेसात. म्हणजे जागा कागदावर आणि खुर्च्या रिकाम्या, नाहीतर दुसऱ्याच्या बुडाखाली. विचारलं की उत्तर तयार: पात्र उमेदवार मिळाले नाहीत. पात्र म्हणजे कोण, ते खोलीतले पाच जण ठरवणार. माझी मागणी साधी आहे. लेखीचे गुण आणि तोंडीचे गुण वेगवेगळे जाहीर करा, नावानिशी. लेखीत वर असलेला मुलगा तोंडीत कसा घसरतो ते सगळ्यांना दिसू द्या.

आत गेल्यावरही गेट संपत नाही. पवईच्या आयआयटीत १२ फेब्रुवारी २०२३ ला दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी गेला. घरच्यांनी जातीच्या वागणुकीचं सांगितलं, संस्थेच्या समितीनं तसं काही आढळलं नाही म्हणून सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच संस्थेनं नियम काढला की विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईची रँक किंवा गेटचा स्कोअर विचारू नये, कारण त्यावरून जात काढली जाते. बघा! भेदभाव आढळला नाही आणि भेदभावाचं हत्यार मात्र नाव घेऊन बंद करावं लागलं. पूर्वी पाण्याच्या माठावरून जात कळायची, आता स्कोअरकार्डावरून कळते.

गुणांचा विषय निघालाच आहे तर एक आकडा मी खिशात बाळगतो. ७५० पैकी २८२. साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. १९०७ साली एलफिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचे हे गुण. सहा वर्षांनी, १९१३ ला, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो मुलगा न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. १९१५ ला एम.ए., १९२३ ला लंडनची डी.एस्सी. पुढचं जगाला माहीत आहे. आज परदेशी शिकायला जाण्यासाठी केंद्र सरकारची जी नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे तिच्यात वर्षाला १२५ जणांना जागा आणि अट ६० टक्क्यांची. ती अट पदवीच्या गुणांची आहे, मॅट्रिकच्या नव्हे, एवढं मला कळतं. पण साडेसदतीस टक्क्यांच्या मॅट्रिकवाल्या पोराला आज कुठला मास्तर म्हणेल, तू कोलंबियाला जाशील? म्हणेल, आयटीआय बघ. मला तसंच म्हणाले होते. मला ४७ होते.

अमेरिकेचं तर आणखी तऱ्हेवाईक. तिथल्या पुष्कळ विद्यापीठांत गुणांची खालची रेघ चारपैकी तीन. जीआरई नावाची परीक्षा बऱ्याच ठिकाणी आता मागतही नाहीत. मग मागतात काय? तीन शिफारसपत्रं. ती लिहायची प्राध्यापकांनी. प्रयोगशाळेत सुट्टीत फुकट काम करायला राहणाऱ्या मुलाला ते ओळखतात, त्याचं नाव घेऊन लिहितात. आमचं पोरगं सुट्टीत कुठं असतं? डिलिव्हरीच्या बॅगा पाठीवर घेऊन. त्याला प्राध्यापक ओळखणार कसा? तो घरी पार्सल घेताना ओळखेल कदाचित. तेव्हा पोरांनो, पोरींनो, दुसऱ्या वर्षापासूनच एखाद्या सरळ प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत पाय रोवा. लाज सोडा. आहेत तसे काही, सगळेच वाईट नाहीत. पत्र हाही गुणच आहे, मार्कशीटवर छापत नाहीत एवढंच.

आता कुणी विचारेल, आमच्या पोरांनी ही मशिनं बनवली काय किंवा दुसऱ्यानं बनवली काय, फरक काय पडतो? मशीन जात बघत नाही. बघतं, साहेब. करोनाच्या काळात वस्तीत घरोघर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर फिरत होतं. ९४ दाखवलं तर घरी राहा, खाली आलं तर दवाखाना. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं की हे यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्त काढून बघितलं तर काळ्या पेशंटपैकी ११.७ टक्क्यांचा ऑक्सिजन खरा ८८ च्या खाली होता. गोऱ्यांत हेच प्रमाण ३.६. जवळजवळ तिप्पट. कारण उजेड कातडीतून जाऊन येतो त्यावर ते यंत्र चालतं, आणि त्याची जुळणी करताना बहुतेक गोऱ्यांचीच बोटं घेतली होती. काळी कातडी म्हणजे दलित असं माझं म्हणणं नाही. गोरे महार आणि काळे बामण मी ढिगानं पाहिलेत. म्हणणं एवढंच की यंत्र ज्या खोलीत जन्मतं त्या खोलीत कोण बसलेलं नव्हतं, ते यंत्राच्या आकड्यात उतरतं. गोदीतल्या घामट, भेगाळलेल्या, ग्रीस मुरलेल्या बोटांवर ते यंत्र कुणी तपासलं? गटारात उतरणाऱ्याच्या फुप्फुसाचं यंत्र कुणाला सुचणार? ज्याच्या घरातला माणूस उतरलाय त्याला.

हे नवं नाही. ज्यांच्यावरून १९७२ साली या शहरात पँथर हे नाव घेतलं गेलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरनी १९७१ पासून आपल्या दवाखान्यांतून काळ्या लोकांची सिकलसेलची तपासणी सुरू केली होती. हा रक्ताचा आजार तिथं काळ्यांत जास्त, म्हणून कुणी लक्षच देत नव्हतं. आमच्याकडं विदर्भात हाच आजार आदिवासींच्या आणि आमच्या लोकांच्या घरांत जास्त. बंदुकीचे फोटो सगळ्यांनी भिंतीला लावले, रक्त तपासायची सुई कुणी उचलली नाही.

जयपूर फूट सगळ्यांनी ऐकलंय. तो पाय डॉक्टर प्रमोद करण सेठींबरोबर रामचंद्र शर्मा या कारागिरानं घडवला, १९६८ च्या सुमारास. शाळा जेमतेम झालेला, हातात कसब असलेला माणूस. अनवाणी चालायला, उकिडवं बसायला, शेतात चिखलात उतरायला येईल असा पाय. परदेशी पाय बुटात घालायचा असायचा, आणि बूट होते कुणाकडं? सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र आज गेटच्या फॉर्मपाशीच अडकला असता. याचा अर्थ गुण नकोत असा कुणी काढू नका. एमआरआयचं मशीन छिन्नीनं होत नाही, त्याला सिग्नलचं गणितच लागतं. पण त्या गणिताच्या खोलीत उकिडवं बसणारा एक तरी माणूस पाहिजे.

राहता राहिला पैसा आणि तारीख. आमची पोरं गुणांवर कमी आणि तारखेवर जास्त मरतात. २०२४ साली मुझफ्फरनगरकडच्या एका रोजंदारी मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. दलित पोरगा. १७,५०० रुपये भरायचे होते, २४ जूनच्या पाच वाजेपर्यंत. बापानं गावातून उसने गोळा केले, काही मिनिटांनी वेळ हुकली, जागा गेली. सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, ३० सप्टेंबरला कोर्टानं जागा परत दिली. तो कोर्टात पोचला म्हणून आपल्याला कळलं. न पोचलेले किती? १७,५०० रुपये! आमच्या वस्तीतल्या जयंतीला एका रात्रीच्या डीजेचं भाडं याच्याहून जास्त होतं. हे लिहिल्यावर आमचे पुढारी माझ्यावर चिडतील. चिडा. बॅनरवर स्वतःचे सोळा फोटो छापणाऱ्यांनी एका पोरीची प्रवेश फी भरून दाखवावी, मी त्यांच्यावर कविता लिहीन, चांगली लिहीन.

आम्ही सुरू केलंय. दर रविवारी सकाळी दहाला, विहाराच्या मागच्या खोलीत. गणित आणि सर्किट मावशीची पोरगी घेते, स्वतःचा अभ्यास त्यातच करते. मी फॉर्म भरायला बसतो. बोटीचं काम असेल तर उशिरा येईन, थांबा. गेटचा फॉर्म बहुतेक ऑगस्टच्या अखेरीस निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. बी.ई.च्या तिसऱ्या वर्षापासून बसता येतं. आपल्याला आणि कुठल्याही जातीच्या मुलींना फी निम्मी आहे. मार्कशीटा, फोटो आणि जातीचा दाखला घेऊन या. येण्याआधी दाखल्यावरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. बापाच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडं असली तरी तहसीलच्या चार खेपा होतात, आणि तिथं शनिवार-रविवार बंद असतो.